काकू, तुमच्या त्या पांढऱ्या दोऱ्याबद्दल

काकू, सादर नमस्कार.

मुलीला घरी आणून आज बारा दिवस झाले. दवाखान्यातून निघताना डॉक्टरांचे आभार मानले, सिस्टरांचे मानले, रात्रपाळीच्या मावशींचेही मानले. तुमचे तेवढे राहिले. त्यानंतर दोनदा दुकानात आलो. दोन्ही वेळा बोलायला तोंड उघडलं आणि गळा दाटून आला. लोकरीचा गुंडा घेतला, पैसे दिले आणि निघून गेलो. पिशवी हातात देताना तुम्ही दोन्ही वेळा फक्त "झोप झाली का?" एवढंच विचारलंत.

समोर उभं राहून बोलणं जमत नाही, म्हणून लिहितोय. आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितोय, कारण मुलगी दवाखान्यात होती त्या सात आठवड्यांत मी विणकाम शिकायला गेलो तेव्हा ज्यांनी मला दारातूनच परत पाठवलं, त्यांनीही हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. बायकोचं बीपी अचानक चढलं आणि तिसाव्या आठवड्यातच सिझर करावं लागलं. मुलीचं वजन भरलं १ किलो ३२० ग्रॅम. जन्मली ती थेट पेटीतच गेली. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते काचेतून. नळ्या, वायरी, चिकटपट्ट्या, आणि या सगळ्यात घरातली वाटावी अशी एकच वस्तू: हाताने विणलेली पिवळी टोपी. सिस्टर म्हणाल्या, "लोकरीच्या दुकानातल्या बायका विणून पाठवतात. पिशवी भरून येते." एवढ्याशा टोपीने काय होणार, असं मी त्यांना विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं. त्यांनी समजावून सांगितलं की, अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या कातडीखाली चरबी जवळजवळ नसतेच, आणि अंगाच्या मानाने डोकं मोठं, त्यामुळे ऊब तिथून भराभर निघून जाते. बाळ थंड पडलं की त्याची सगळी ताकद अंग गरम राखण्यातच खर्च होते, मग वजन कशाने वाढणार?

चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आई अजून उठू शकत नाही, तर तुम्ही घ्या बाळाला छातीशी. मी घाबरलो. हात लावायचीही भीती वाटत होती. तेव्हा त्यांनी सांगितलं की कांगारू पद्धत जिथे सुरू झाली तिथे परिस्थिती याहून कठीण होती. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८च्या सुमाराला डॉ. एडगर रे यांच्या वॉर्डात पेट्या कमी आणि बाळं जास्त होती, म्हणून त्यांनी बाळांना उघड्या अंगाने आईच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. आज जागतिक आरोग्य संघटनेचंही तेच सांगणं आहे. २०२२ साली त्यांनी, जन्मानंतर लगेच हे सुरू करा, असंच सांगितलं. अंगात लंगोट, पायात मोजे, डोक्यावर टोपी आणि बाकी कातडीला कातडी.

काकू, त्या तासांमध्ये मला तिचा चेहरा दिसायचाच नाही. ती छातीवर पालथी, गाल एका बाजूला. मान वाकवली की हनुवटीखाली दिसायची ती टोपी. रोज दोन-दोन तास मी तेवढंच बघत होतो. दोन टाके वर आलेले, दोन खोल गेलेले, परत दोन वर. कडेपासून पाचव्या ओळीत एका ठिकाणी मात्र तीन टाके वर आले होते. विणणारीला कुणीतरी हाक मारली असेल, दार वाजलं असेल. नजर रोज तिथेच जाऊन थांबायची. कुणीतरी आपल्या घरात बसून, मध्येच उठून, परत येऊन हे केलंय, आणि ते माझ्या मुलीच्या डोक्यावर आहे. मॉनिटरच्या त्या आवाजात मला धीर आला तो त्या तीन टाक्यांनी.

तिथेच ठरवलं की हे आपण शिकायचं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर तासन् तास बसायचो. हातांना काही काम नव्हतं आणि डोक्याला नको तेवढं होतं.

आता ती दारं. पहिल्या ठिकाणी चौकशी केली तर उत्तर आलं, "आमच्याकडे फक्त लेडीज बॅच असते. मिसेसना पाठवा." मिसेस तेव्हा सलाईनवर होत्या, हे मी सांगितलंही. दुसऱ्या ठिकाणी घेतलं, पण वर्गात फोन बंद ठेवायचा नियम होता. मी कारण सांगितलं. दवाखान्यातून कधीही फोन येऊ शकतो, आवाज बारीक ठेवतो, दाराशी बसतो, असंही म्हणालो. त्यावर त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "मग बाळ घरी आल्यावरच या ना." नियम असावेत, मला मान्य आहे. पण बाळ घरी येईलच असं मला तेव्हा कुणीही सांगितलेलं नव्हतं, आणि ते वाक्य ऐकून मी पायऱ्या कसा उतरलो ते माझं मला माहीत.

तुमच्या दुकानाचं नाव मिळालं ते टोप्यांच्या पिशवीवरून. शनिवारी दुपारी आलो, तेव्हा मागच्या टेबलाभोवती आठ-नऊ जणी बसल्या होत्या. सगळ्या बायका. मी दारातच म्हणालो, "पुरुष चालतील का?" तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत आणि म्हणालात, "इकडे बसा, इथे उजेड चांगला आहे." बस. कुणी हसलं नाही, कुणी कौतुकही केलं नाही, आणि ते कौतुक न करणंच मला जास्त बरं वाटलं. पुढे मी वाचलं की दक्षिण अमेरिकेत, पेरू देशातल्या टिटिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर टोप्या विणतात ते पुरुषच. मुलं लहानपणापासून शिकतात, आणि तिथल्या विणकामाला २००५ साली युनेस्कोने मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरवलंय. "मिसेसना पाठवा" म्हणणाऱ्यांना हे सांगावंसं फार वाटलं.

शिकवलं कसं, ते सगळं लिहीत बसत नाही. पण तुम्ही या टोप्यांबाबत किती काटेकोर आहात हे लोकांना कळायला हवं. "फुकट द्यायची म्हणून कशीही चालत नाही," हे तुमचं पहिल्याच दिवशीचं बोलणं. जाळीदार वीण नको, इवलंसं बोट अडकतं. गोंडा, बटण, रिबीन नको. आतल्या बाजूला लोंबतं टोक नको. केसाळ लोकर नको, ती नाकातोंडात जाते. साधी लोकर नको, कारण दवाखान्यात गरम पाण्यात धुतल्यावर ती आटून घट्ट होते. धुण्याला टिकणारी मऊ लोकरच हवी. सुरुवातीचे टाके एक नंबर जाड सुईवर घालायचे, म्हणजे कड आवळत नाही आणि कपाळावर वळ उठत नाही. ५६ टाके, दोन सुलट, दोन उलट. माझे टाके इतके घट्ट पडायचे की दुसऱ्या ओळीत सुईचं टोक आत शिरायचं नाही. तुम्ही मागून जाता जाता म्हणायचात, "खांदे खाली घ्या." खांदे खाली आले की टाके आपोआप सैल व्हायचे. मला कळायचंही नाही की मी ते कानापर्यंत चढवून बसलोय.

दुसऱ्या शनिवारी फोन वाजला. बाळाचा श्वास मध्येमध्ये थांबतोय, या. हातातलं तसंच टाकून मी पळालो. सुई टाक्यांतून निसटली, गुंडा टेबलाखाली गेला. मला ते आठवतही नाही. त्या दिवशी तुम्ही अर्धा तास बसून क्रोशाच्या सुईने माझे सुटलेले टाके एकेक करून वर आणलेत, हे मला नंतर टेबलाशी बसणाऱ्या आजींनी सांगितलं. तुम्ही नाही सांगितलंत.

तिसऱ्या शनिवारी आलो तर विणकाम होतं तसं, सुईवर. आणि मग तुम्ही जे केलंत त्यासाठी हे पत्र आहे.

मी चार ओळी विणल्या. तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात, मोठ्या नेढ्याची एक बोथट सुई काढलीत, तिच्यात पांढरा सुती दोरा ओवलात, आणि माझ्या सुईवरच्या प्रत्येक टाक्यातून तो नेत गेलात. ५६ टाके, एकही न सोडता. घाई नाही. मी आकाशी रंग घेतला होता. त्या आकाशी ओळीत एक पांढरी रेघ सरकत सरकत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. दोन्ही बाजूंना वीतभर दोरा मोकळा ठेवलात. मग म्हणालात, "आता सुई कुणी ओढून काढली तरी वीण इथून खाली उसवत नाही. फोन आला की मागे बघायचं नाही, उठायचं." आणि माझा फोन, जो मी मांडीवर लपवून धरला होता, तो उचलून टेबलाच्या मधोमध ठेवलात, आवाज मोठा करून.

नाजूक जाळीकाम करणाऱ्या बायका असा दोरा घालतात, चूक झाली तर तेवढ्यापर्यंतच उसवायचं म्हणून, हे मला आता माहीत झालंय. बाळाच्या साध्या टोपीला त्याची काहीच गरज नसते. तुम्ही तो टोपीसाठी घातला नव्हता. दर चार ओळींनी तुम्ही यायचात, खालचा दोरा काढून वरच्या ओळीत घालायचात आणि आपल्या जागेवर जायचात. त्यानंतर फोन आणखी दोनदा आला. मी दोन्ही वेळा उठलो आणि गेलो. एकदा चार दिवसांनी परत आलो, तर माझं विणकाम कागदी पिशवीत, वरती चिठ्ठी: "ओळ १८, सुलट बाजू." कुणी "काय झालं" म्हणून घेराव घातला नाही. शेजारच्या ताईंनी खुर्ची थोडी सरकवून घेतली, एवढंच.

मदत करणारी माणसं मला त्या दिवसांत बरीच भेटली, मी कृतघ्न नाही. पण बहुतेकांच्या मदतीला एक अट चिकटलेली असायची. आमच्या वेळेत या, आमच्या पद्धतीने या, रडू नका, नीट सांगा, फॉर्म भरा. तुमच्या टेबलाशी माझ्याकडून कुणाला काही नको होतं. मी अर्ध्यातून उठून जाणारा विद्यार्थी होतो, आणि तुम्ही मला उठून जाता येईल अशी सोय करून शिकवलंत. आजही रात्री तिला दूध पाजताना ते आठवतं आणि डोळे भरतात. चांगुलपणा म्हणजे काहीतरी मोठं, खर्चिक, चारचौघांत दिसणारं असं मला वाटायचं. तो वीतभर दोऱ्यात मावतो, हे या वयात कळलं.

टेबलाभोवतीच्या सगळ्याजणींचेही आभार. त्यांनी ज्यांच्यासाठी विणलं त्यातलं एकही डोकं त्यांनी पाहिलेलं नाही. मुलीला पिवळी टोपी लहान झाली तेव्हा सिस्टरांना विचारून ती मी दुकानात घेऊन आलो होतो, आठवतं? सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली. पाचव्या ओळीतले ते तीन टाके मी बोट ठेवून दाखवले. मला वाटलं होतं, कुणीतरी ओळखेल. कुणीच "माझी" म्हणालं नाही. आजी म्हणाल्या, "ही लोकर आम्ही सगळ्यांनीच वापरलीय." तुम्ही म्हणालात, "कुणाची कुठली ते आम्ही लिहून ठेवत नाही." मी मान डोलावली, पण त्या दिवसापासून तिथल्या प्रत्येकीच्या हातांकडे मी तीच टोपी विणणारे हात म्हणून पाहतो.

माझी आकाशी टोपी पूर्ण झाली त्या शनिवारी तुम्ही शेवटचा दोरा ओढून काढलात, टोपी उलटी करून टोकं नीट लपलीत का ते पाहिलंत, दोन्ही हातांनी ताणून बघितलीत, आणि काही न बोलता दारापाशी ठेवलेल्या टोपलीत बाकीच्या टोप्यांवर टाकलीत. ती आता कुणाच्या डोक्यावर आहे मला माहीत नाही. असू दे.

काल वजन केलं, २ किलो ४१० ग्रॅम. बायकोने तुम्हाला नमस्कार सांगितलाय. तिलाही शिकायचंय, पण बाळ जरा मोठं झालं की. मी रात्रीच्या जागरणात विणतोय. चार टोप्या झाल्या आहेत, पाचवी सुईवर आहे. शनिवारी तिघंही येतो. या पाचव्या टोपीत मधला एक टाका सुटून सहा ओळी खाली उतरलाय आणि तो मला काही केल्या वर आणता येत नाहीये. क्रोशाची सुई काढून ठेवा. या वेळी तुम्ही करू नका, शेजारी बसून मला दाखवा.

तुमचा,
शनिवारच्या वर्गातला, उजेडाच्या खुर्चीवरचा