कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींना, जाहीर आभार

मिस्त्री, नमस्कार.

काम झालं, तुम्ही मजुरी घेतलीत, तुमच्या लेखी विषय तिथंच मिटला असेल. माझ्या मनातून तो जात नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. बाबांची सँट्रो तुम्ही ठीक केलीत, त्याबद्दल आभार आहेतच. पण तुम्ही बाबांचा हात धरून गाडीच्या फ्युएल पंपाच्या झाकणावर ठेवलात, त्या अर्ध्या मिनिटाचे आभार मला वेगळे मानायचे आहेत.

आधी बाकीच्यांबद्दल बोलते, कारण तो राग अजून उतरलेला नाही. गाडी 2004 ची. पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी रीतसर केलेली, पर्यावरण कर भरलेला. सपाट रस्त्याला काही तक्रार नाही, पण उन्हात, चढाला, इंजीन तापलं की मान टाकायची. सावंतवाडीहून येताना आंबोली घाटात बंद पडली तेव्हा आईबाबा वळणावर, ट्रकांच्या वाटेत अडकले होते. थोड्या वेळानं गाडी आपोआप चालू झाली, आणि तेच आमचं दुर्दैव ठरलं. कारण गॅरेजात नेली की ती शहाण्यासारखी चालायची. कुणी प्लग बदलले, कुणी इंजेक्टर साफ केले, कुणी कॉइल बदलून पैसे घेतले. फ्युएल पंपाचं, म्हणजे टाकीतून इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचं, नाव काढलं की म्हणायचे, "पंपाचा आवाज येतोय की! पंप चांगलाय." मोटर गुणगुणते म्हणजे पेट्रोलला हवा तेवढा दाब मिळतोच, असं नसतं. हे तपासायला दाब मोजायचं गेज लागतं, आणि ते लावण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

त्याहून वाईट म्हणजे बाबांशी कुणी बोललंच नाही. त्यांना कमी ऐकू येतं. हे एकदा कळलं की लोक त्यांना ओलांडून माझ्याशी बोलायला लागतात. "मॅडम, काकांना समजवा जरा, भंगारात घाला म्हणावं." गाडी बाबांची, पैसे बाबांचे, वीस वर्षं चालवली बाबांनी, आणि ते शेजारी उभे असताना हे बोलणं!

तुम्ही त्यांच्या समोर येऊन, तोंड दिसेल असे उभे राहिलात आणि सावकाश बोललात. गेज लावून इंजीन तापू दिलंत आणि त्यांनाच काटा बघायला सांगितलात. सुरुवातीला तीन बारच्या आसपास असलेला काटा खाली खाली येत गेला. बाबांनी तो बघितला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान हलवली.

कंपनीचा नाही, बाहेरचा पार्ट म्हटल्यावर मी घाबरले होते, हे तुम्ही ओळखलंत. पंपाची अख्खी असेंब्ली, म्हणजे सगळा जोड, घ्यायची गरज नाही; आतली मोटर, तळाची जाळी, रबरी पाइप आणि झाकणाखालची रिंग एवढंच बदलू, असं तुम्ही सांगितलंत. जुनी मोटर आणि नवी मोटर पेपरावर शेजारी शेजारी ठेवून बाबांच्या हातात दिलीत. दुकानातून आलेला पाइप तुम्ही परत पाठवलात, ते मला विशेष आवडलं. टाकीतला पाइप आतून-बाहेरून पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, तिथं साधा पाइप फुगतो, आणि आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असल्यानं रबर तेही सोसणारं हवं, असं म्हणालात. तोच पाइप बसवला असतात तर आम्हाला काय कळणार होतं?

आणि मग ते अर्धं मिनिट. मागची सीट उचललेली, तिच्याखालच्या टाकीत सगळं घट्ट बसवून झालेलं. तुम्ही मोटरला थेट सप्लाय दिलात आणि मला म्हणालात, "ऐका, कसा एकसारखा आवाज हाय." मी ऐकला. तुम्ही बाबांकडे बघितलंत, तुमच्या लक्षात आलं. कापडानं हात पुसलात, त्यांचा हात धरून झाकणावर टेकवलात. "काका, हाताला लागतंय काय?" इंजीन बंद होतं, म्हणजे ती थरथर नुसती पंपाची होती. बाबा मोठ्यांदा म्हणाले, "लागतंय! लागतंय!" त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते तुम्ही बघितलं आहेच.

हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचे पैसे बिलात नव्हते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हुशार हातांना तोटा नाही. पण समोरचा म्हातारा माणूस या गाडीचा मालक आहे, त्याला कळायला हवं, हे ज्याला आपसूक सुचतं तो माणूस मला फार मोठा वाटतो. दवाखान्यात, बँकेत, सरकारी खिडकीवर मी बाबांबरोबर जाते तेव्हा असा माणूस मिळावा म्हणून अक्षरशः वाट बघते.

रिझर्व्हवर गाडी चालवू नका, पेट्रोलच मोटरला थंड ठेवतं, हे तुमचं सांगणं बाबांनी मनावर घेतलं आहे. काटा पावाच्या खाली जायच्या आत ते पंपावर जातात, आणि शेजाऱ्यांनाही कारणासकट सांगतात.

पुढच्या महिन्यात ऑइल बदलायचं आहे. मी येणार नाही. बाबा म्हणाले, "तो माझ्याशी बोलतो, तू कशाला?"

तुमची,
सँट्रोवाल्या काकांची मुलगी