हसण्याचीसुद्धा फिट असते, तेवढं छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत फिटवर लेख आला होता. कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, माणसाला कुशीवर करा, सगळं अगदी बरोबर. पण वाचून झाल्यावर रुखरुख लागली, कारण आमच्या घरात जी फिट आहे ती त्यात कुठेच नव्हती. आमचा नातू पडत नाही, हातपाय झाडत नाही, तोंडाला फेस येत नाही. तो हसतो.

चार-पाच महिन्यांचा होता तेव्हापासून मधेच हसायचा, झोपेतसुद्धा, आणि मीच सगळ्यांना कौतुकाने सांगायची की सटवाई हसवतेय. आता तान्ही बाळं झोपेत हसतातच, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, पण याचं हसू मोठं झाल्यावरही गेलं नाही. दिवसातून पाच-सात वेळा, जेवताना, अंघोळीला, कुठेही. जवळच्या डॉक्टरांना सुनेने विचारलं तर म्हणाले लाडावलाय, लक्ष वेधायला करतो. मग आम्ही काय, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि गप्प बसलो.

शाळेत गेल्यावर डायरीत शेरे यायला लागले, 'वर्गात विनाकारण हसतो', वर्गाबाहेर उभं करायचे. आणि गेल्या वर्षी माझ्या चुलत दिरांच्या बाराव्याला, फोटोला हार घातलेला, सगळे मान खाली घालून बसलेले, आणि हा ही ही ही करून सुरू. ह्यांनी सगळ्यांसमोर एक लगावली. हसणं थांबल्यावर डोळे भरून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, आजी मी नाही हसलो, ते आपोआप आलं. मला ते खोटं वाटलं, हे आज लिहायला पण लाज वाटते.

कोडं सुटलं ते त्याच्या मोठ्या बहिणीमुळे. ती पाचवीत आहे. म्हणाली, आजी हा दर वेळी तेवढाच हसतो, मी मोजलंय, वीसच्या आसपास संपतं, आणि मधे हाक मारली तरी बघत नाही. मग मुलाने मोबाईलवर दोन-तीन वेळा शूटिंग केलं आणि परळला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी व्हिडिओचा आवाज बंद केला आणि म्हणाले आता बघा. बाई गं, आवाज नसताना ते हसणं नव्हतंच. ओठ ताणलेले, गाल लाल, डोळे एका जागी थिजलेले. सात वर्षं आम्ही नुसता आवाज ऐकत होतो.

या फिटला जेलास्टिक सीझर म्हणतात, ग्रीक भाषेत गेलोस म्हणजे हसू, त्यावरून. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो, तहान-भूक, हार्मोन सगळं सांभाळणारा, तिथे अशा काही मुलांना जन्मापासूनच एक छोटी गाठ असते, हॅमार्टोमा. ती कॅन्सरची नसते. बऱ्याचदा या फिटमागे तीच असते, पण मेंदूच्या दुसऱ्या भागातूनही अशी फिट येऊ शकते. काही मुलांना अशीच रडण्याची फिट येते. गाठ असलेली काही मुलं फार लवकर वयात येतात, म्हणून डॉक्टरांनी आवाज फुटलाय का, लव आली का, असलं पण विचारलं, तेव्हा सून गोंधळूनच गेली. ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) नॉर्मल आला होता आमचा, सुटलो म्हणून पेढे आणायचेच बाकी होते, पण डॉक्टर म्हणाले गाठ खोल असेल तर डोक्यावर लावलेल्या वायरींना कळत नाही कधी कधी, एमआरआय करा. त्यात दिसली, वाटाण्याएवढी. औषधं चालू आहेत, पण या गाठीत नुसत्या गोळ्यांनी फिट पूर्ण थांबणं कठीणच, त्यामुळे ऑपरेशन की लेसर यावर बोलणी चालली आहेत.

चाळीत एकीने कानात सांगितलं, बाहेर बोलू नका हो, पुढे लग्नाला अडचण होईल. अहो सात वर्षांचा पोरगा! आणि फिट आहे म्हणून लग्न रद्द ठरवायची सोय 1999 सालीच हिंदू विवाह कायद्यातून काढून टाकलीय. तरी कुजबुज आहेच.

म्हणून विनंती आहे की एक चौकट छापा, खास करून शाळेतल्या बाईंसाठी. मूल कारण नसताना हसतंय, दर वेळी एकाच पद्धतीने, हाकेला ओ देत नाही, झटकन सुरू आणि झटकन बंद, तर ओरडायच्या आधी मोबाईल काढा, शूटिंग करा, आईवडिलांना द्या. आमच्या बाई आता त्याच डायरीत वेळ लिहून पाठवतात, '11.40, अंदाजे 15 सेकंद'.

घरात मात्र वेगळीच पंचाईत झालीय. परवा जेवताना ह्यांची कवळी आमटीच्या वाटीत पडली, पोरगं खो खो हसायला लागलं आणि आम्ही सगळे घड्याळाकडे बघून मोजायला लागलो. तो असला चिडला, म्हणाला, अगं आजी, मी खरंच हसतोय!

आपली वाचक,
एक आजी, लालबाग