शनिवारच्या जेवणाचं चिकन आणि भात

चिपळूण

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी तू तिघांना घरी जेवायला बोलावलंयस आणि क्रीम घातलेलं चिकन नि भात करणार आहेस, हे ऐकून मला फार आनंद झाला. लीड्समध्ये आता चारच्या सुमारास अंधार पडतो, क्लासहून येतेस ती दमून, आणि मग ओट्याशी उभ्या उभ्याच ब्रेडचे दोन तुकडे खाऊन झोपतेस. त्याची मला काळजी वाटते, हे तुला माहीत आहे. म्हणून हा बेत तडीस जावा असं मनापासून वाटतं. फोनवर घाईत अर्धं सांगायचं राहतं, तेव्हा सगळं लिहूनच पाठवते.

आधी पाहुण्यांचं. तिघांतली एक शाकाहारी आहे म्हणालीस. तिच्यासाठी वेगळ्या भांड्यात, वेगळा डाव घेऊन, मशरूम आणि उकडलेले छोले घालून हाच रस्सा कर. चिकन स्टॉकची, म्हणजे कोंबडी उकळून काढलेल्या पाण्याची, वडी त्यात अजिबात पडता कामा नये. भाजीच्या स्टॉकची वडी मिळते, ती वापर. पाकिटावर काय काय लिहिलंय तेही वाच, कारण स्टॉकच्या वड्यांत बऱ्याचदा सेलरी नावाची भाजी असते आणि काहींना तिची ॲलर्जी असते. काजूचंही विचारून घे. बाकीच्यांपैकी कुणी हलालच खात असेल तर चिकन तशा खाटकाकडून आण. लीड्समध्ये अशी दुकानं आहेत. पाहुण्याला ताटावर बसल्यावर संकोचाने ‘मला नको’ म्हणावं लागू नये, ही जबाबदारी बोलावणाऱ्याची असते.

चिकन छातीचं घेऊ नकोस. दिसायला ते साफसुथरं असतं, पण पाच मिनिटं जास्त शिजलं की चोथा होतो. मांडीचं, हाड काढलेलं घे, चौघांना पाऊण किलो पुरेल. मांडीत चरबी असते, मांस जोडून धरणारे चिवट धागे असतात, ते मंद शिजताना विरघळतात आणि मांस मऊ राहतं. आणि हो, नळाखाली धुऊ नकोस. आपल्याकडे कोंबडी धुतल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही, पण त्या पाण्याचे शिंतोडे ओट्यावर, ताटल्यांवर, सॅलडच्या पानांवर उडतात आणि कॅम्पिलोबॅक्टर, साल्मोनेला ही पोट बिघडवणाऱ्या जंतूंची मंडळी सगळीकडे पसरतात. ती मरतात शिजवल्यावर, धुण्याने नाही. नुसत्या कागदाने कोरडं टिपून घे, मीठ नि मिरपूड चोळून अर्धा तास फ्रिजमध्ये खालच्या फळीवर ठेव. पाट नि सुरी लगेच साबणाने धू.

कोरडं टिपायला सांगतेय त्याला आणखी एक कारण आहे. चिकनला तांबूस रंग आणि खमंग वास येतो तो साधारण 140 अंशांच्या पुढे. पाणी मात्र 100 अंशांलाच उकळतं, त्यामुळे अंग ओलं असेल तोवर पॅनमध्ये नुसती वाफ होते आणि चिकन पांढरट राहतं. रुंद पॅन घे, थोडं तेल आणि लोणी घाल, चांगलं तापू दे. तुकडे एकमेकांना चिकटवून मांडू नकोस. दोन खेपांत टाक. टाकल्यावर हात आवर. खालची बाजू तांबूस झाली की तुकडा आपोआप सुटतो, ओढून काढावा लागत नाही. या वेळी खिडकी उघडी ठेव आणि एक्झॉस्ट लाव, नाहीतर तुमच्या घरातला धुराचा भोंगा सगळ्यांना बाहेर काढेल.

चिकन बाजूला काढलं की त्याच पॅनमध्ये एक मोठा कांदा, मग पाचसहा लसूण पाकळ्या आणि मशरूम. मशरूमला भरपूर पाणी सुटतं, ते आटेपर्यंत परतत राहा. इथे घाई केली तर रस्सा पाणचट होतो. मग चमचाभर मैदा घालून मिनिटभर परत, आणि वडी गरम पाण्यात विरघळवून केलेला दीड कप स्टॉक हळूहळू ओत. पॅनच्या तळाला जे तांबूस धरलेलं असतं ते लाकडी उलथन्याने खरवडून घे. सगळी चव तिथेच आहे. थाइम या सुवासिक पाल्याची एखादी काडी मिळाली तर टाक, नसेल तर अडत नाही. चिकन परत घालून झाकण ठेव आणि मंद आचेवर पंधरा मिनिटं शिजू दे. सर्वांत जाड तुकडा कापून बघ, आत गुलाबी राहता कामा नये आणि रस स्वच्छ निघाला पाहिजे. तुझ्या घरमालकिणीकडे थर्मामीटर आहे म्हणाली होतीस, तर मध्यभागी 75 अंश दिसले की शंका उरत नाही.

आता क्रीम. तिथे फळीवर दोनतीन प्रकार दिसतील. सिंगल क्रीममध्ये स्निग्धांश 18 टक्के, डबलमध्ये 48. आपल्या अमूलच्या पाकिटातलं 25 टक्क्यांचं असतं. तू डबलच घे, आणि 150 मिलीच घाल, पुरे होतं. हलकं म्हणून सिंगल घेशील तर ते उकळीला टिकत नाही. दूध फाटतं ते त्यातल्या प्रथिनांमुळे. आंबटपणा आणि उष्णता मिळाली की ती एकत्र येऊन गुठळ्या होतात. क्रीम जितकं स्निग्ध, तितकं प्रथिन कमी, म्हणून डबलला ही भीती फारशी नसते. तरीही क्रीम घालताना आच अगदी कमी कर. आजी कोंबडीच्या रश्श्यात नारळाचं दुसरं, पातळ दूध आधी घालून शिजवायची आणि पहिलं, घट्ट दूध अगदी शेवटी, मग उकळी येऊ द्यायची नाही. हेही तसंच. क्रीम घालून तीनचार मिनिटं नुसतं मंद आचेवर गरम होऊ दे आणि उतरव. तुमच्या काचेच्या शेगडीची आच बटण बंद केल्यावरही बराच वेळ राहते, म्हणून पॅन उचलून बाजूलाच ठेव. लिंबू खाली उतरवल्यावर पीळ. चव बघून मग मीठ; स्टॉकच्या वडीत मीठ आधीच असतं.

कधी क्रीम नसेल तर दही वापरता येईल. आधी त्यात चमचाभर बेसन कालव, मगच घाल, कढीला करतो तसं. तेवढ्याने दही फाटत नाही.

भाताला मोकळा बासमती घे. मला आंबेमोहोर नि इंद्रायणी प्रिय आहेत, पण त्यांचा भात चिकट होतो. तो वरणाबरोबर, दाटसर आमटीबरोबर शोभतो. दाट, मलईदार रस्सा असेल तेव्हा शितं सुटी हवीत, म्हणजे रस्सा त्यांच्यामध्ये जातो. चौघांना 300 ग्रॅम तांदूळ घे. दोनतीन पाण्यांत धुऊन अर्धा तास भिजव, चिकनला मीठ लावशील तेव्हाच भिजत घाल, म्हणजे दोन्ही कामं एकदम होतात. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळून त्यात मीठ घाल, तांदूळ टाक, आणि सात मिनिटांनी एक शीत बोटांत दाबून बघ. मध्ये अगदी किंचित कणी लागली की वेळून टाक. पातेल्यात परत घालून झाकण लाव आणि दहा मिनिटं वाफेवर मुरू दे. चमचाभर तूप वरून. झाकण सारखं उघडून बघू नकोस.

शेजारी काकडीची साधी कोशिंबीर कर, लिंबू नि मीठ एवढंच घालून. इतक्या स्निग्ध रश्श्याशेजारी काहीतरी आंबट, कुरकुरीत लागतंच. फार पदार्थ करू नकोस.

उरलं तर एवढं लक्षात ठेव: भात तासाभराच्या आत पसरट डब्यात काढून गार कर आणि फ्रिजमध्ये टाक. भातातले बॅसिलस सेरेयस नावाचे जिवाणू उकळूनही बीजाणू होऊन जिवंत राहतात, आणि भात खोलीत तसाच ठेवला की ते वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करून जात नाही. तेव्हा गप्पांच्या नादात पातेलं रात्रभर ओट्यावर राहू देऊ नकोस. तो डबा दुसऱ्याच दिवशी खाऊन संपव, आणि एकदाच, पण वाफाळेपर्यंत गरम कर.

आणि एक मागणं आहे. वाढताना आधी स्वतःचं ताट वाढून घे आणि त्यांच्याबरोबरच बस. मी कायम शेवटी बसत आले, तू तसं करू नकोस. बाबा विचारतायत, मशरूम ताजे मिळतात का तिथे, आणि केवढ्याला? शनिवारी किती वाजता बसणार ते कळव.

तुझी,
आई