पहिल्या गोळीआधी रक्ताचे कल्चर घ्या

महोदय,

पावसाळा लागला की आमच्या प्रयोगशाळेत सकाळपासून टायफॉइडसाठीच्या विडाल या रक्तचाचणीसाठी रांग असते. दोन-तीन दिवसांचा ताप, हातात चिठ्ठी आणि पिशवीत सेफिक्झिम या अँटिबायोटिकची निम्मी संपलेली स्ट्रिप. संध्याकाळी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की टायफॉइड ठरला. ही चाचणी १८९६ सालची आहे. पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते, मलेरियातही येऊ शकते, आणि खऱ्या टायफॉइडच्या पहिल्या आठवड्यात निगेटिव्हही असू शकते. तरीही तिच्याच भरवशावर अँटिबायोटिक सुरू होते, बदलते, सलाइनमधून आणखी एक वाढते.

कोणते औषध चालेल हे सांगते ते रक्ताचे कल्चर. रक्त बाटलीत घेऊन ३७ अंशांवर ठेवायचे, जंतू वाढले की ते प्लेटवर पसरून वर औषधांच्या डिस्क, म्हणजे औषध लावलेल्या छोट्या कागदी चकत्या, ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी, चालणाऱ्या औषधाच्या डिस्कभोवती स्वच्छ गोल जागा दिसते. न चालणाऱ्या औषधाच्या डिस्कला जंतू अगदी खेटून वाढलेले असतात. मात्र बाटली आमच्याकडे येते ती बहुधा चार-सहा गोळ्या पोटात गेल्यावर. मग त्यात बऱ्याचदा काहीच वाढत नाही, आणि रुग्णाला कोणता जंतू होता, त्याला काय चालले असते, हे कायमचे अंधारात राहते.

हा प्रश्न किती गंभीर आहे ते या आजाराच्या इतिहासावरून दिसते. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक आले आणि टायफॉइडची दहशत ओसरली. १९७२ मध्ये केरळात कालिकतला त्याला न जुमानणारे जंतू आढळले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अँपिसिलिन आणि कोट्रायमोक्साझोलही त्याच्या जोडीने निष्प्रभ ठरू लागली. पुढे सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा भरवसा गेला. २०१६ पासून पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादेत जी साथ पसरली तिच्यात सेफट्रायाक्झोन हे इंजेक्शनही चालेना. तोंडाने घेण्याजोगे खात्रीचे औषध उरले ते ॲझिथ्रोमायसिन. मुंबईतल्या रुग्णांतही सेफट्रायाक्झोनला दाद न देणारे जंतू सापडल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. आणि ॲझिथ्रोमायसिन आपण साध्या सर्दी-खोकल्याला तीन गोळ्यांचा कोर्स म्हणून घेतो, याची मला फार भीती वाटते.

घरच्यांना एक गोष्ट कोणी नीट सांगत नाही. टायफॉइडमध्ये योग्य औषध मिळाले तरी ताप उतरायला चार-पाच दिवस, कधी आठवडाही लागतो. ते माहीत नसल्याने तिसऱ्या दिवशी 'गुण येत नाही' म्हणून डॉक्टर बदलतात, नवा डॉक्टर औषध बदलतो, आणि कुठलाच कोर्स पुरा होत नाही. सेफिक्झिम शेड्यूल एच-वन मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकू नये अशा औषधांच्या सरकारी यादीत आहे. २०१४ पासून दुकानदाराने त्याची नोंदवहीत नोंद ठेवायची आहे. तरीही चिठ्ठीशिवाय ते सहज मिळते.

कल्चरचा दुसराही फायदा आहे. आपल्याकडच्या टायफॉइडच्या अनेक जंतूंवर क्लोरॅम्फेनिकॉल, कोट्रायमोक्साझोलसारखी ती जुनी, स्वस्त औषधे आता पुन्हा चालताना दिसतात. कोणते औषध चालते हे सांगणारा सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट हातात असेल तर डॉक्टरांना त्यांचा विचार करता येईल.

नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये एक लाखाहून अधिक मुलांना टायफॉइडची नवी लस टोचली. एक पालिका एवढे करू शकते, तर कल्चरची सोय का होऊ नये? खासगीत विडालपेक्षा कल्चर बरेच महाग पडते, म्हणून गरीब रुग्ण विडालवरच थांबतो. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात कल्चरच्या बाटल्या असाव्यात, आणि त्या जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात रोज पोहोचवण्याची जबाबदारी सरकारने घ्यावी. रुग्णाची प्रकृती ढासळत असेल तर रिपोर्टसाठी थांबू नये हे उघडच आहे. रक्त काढायला पाच मिनिटे लागतात. ते काढून लगेच औषध सुरू करता येते. डॉक्टरांनाही एक कळकळीची विनंती : कल्चर पाठवताना रुग्णाने आधी कोणत्या गोळ्या, किती दिवस घेतल्या, एवढे तरी चिठ्ठीवर लिहा.

– एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, मिरज