मंजे, डावी सीट सोडू का?

पुणे, रविवार रात्र

प्रिय मंजे,

मेडिकल पास, पाठ अधूनमधून बोलते, आई-बाबा ठीक. झालं, आता मुद्द्याचं.

महाराजाकडून, म्हणजे एअर इंडियाकडून, होकार आलाय. ट्रिपल सेव्हन, ते मोठं बोइंग 777! घरात पेढ्यांची चर्चा सुरू आहे आणि माझ्या पोटात गोळा. का, ते तुलाच कळेल. उजवीकडे, सहवैमानिकाच्या सीटवर बसायचंय, मंजे. इंडिगोतल्या कॅप्टनच्या चार पट्ट्या उतरवून परत तीन. किती वर्षं, ते सीनियॉरिटीची यादी ठरवणार. कंपनी बदलली की तास बरोबर येतात, सीनियॉरिटी मागेच राहते, हे देशपांडे सर बारामतीत, विमान शिकताना, घसा फोडून सांगायचे. आपलं लक्ष मात्र सेस्ना कधी मोकळं होतंय याकडे.

बाबांचं तर विचारूच नकोस. जन्म एसटीत गेला माणसाचा. मी कॅप्टन झाले तेव्हा म्हणाले, "छान, पण पर्मनंट का?" आता गावभर सांगतायत की पोरगी अखेर सरकारी लागली. अहो बाबा, टाटांनी 2022 च्या जानेवारीत ती परत घेतली, म्हटलं. तर म्हणे, "टाटा म्हणजे सरकारच की!" बोल आता. आईला फक्त अहमदाबादचा अपघात आठवतो. तिच्याशी त्यावर बोलायचं मी टाळते. तुझ्याशीही पत्रात नको.

पैशाचं गणित बाळ्याने एक्सेलमध्ये मांडून दिलं. हमीचे तास, वरच्या तासांचा दर, परदेशातला भत्ता, सगळं. उजवीकडे असेपर्यंत मी तोट्यात, डावीकडे आले की फायद्यात. कधी येणार, त्या रकान्यात त्याने प्रश्नचिन्ह टाकलंय. हुशारच आहे तो. तुझ्याशी लग्न करायला निघाला होता, तेवढं सोडलं तर.

पण पैसा नाहीच गं यात फारसा. मला दिवसाला चार-चार सेक्टर, म्हणजे छोटी उड्डाणं, आवडतात, हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. नागपूर, मुंबई, गोवा, मुंबई. अर्ध्या तासात रिकामं करायचं, भरायचं, निघायचं. जुलैत मुंबईवर घिरट्या घालताना इंधन बघत बसायचं, आणि अजून एक फेरा की सरळ अहमदाबादला वळायचं, हे मी ठरवायचं. मागचे दीडशे-पावणेदोनशे लोक शिव्या देतात, देऊ देत. ते ठरवणं सोडायचं म्हटलं की माझा हात थांबतो. तिथे न्यूयॉर्कला पंधरा-सोळा तास, चौघं वैमानिक, त्यातले दोघं बंकमध्ये झोपलेले. आणि उतरताना कंट्रोल हातात असतील तर नशीब. 90 दिवसांत 3 टेकऑफ, 3 लँडिंग हा नियम आपण कधी मोजलाय का? आखातात असताना तू ती पुरी करायला सिम्युलेटरमध्ये जायचीस आणि मी हसायचे.

शिवाय बोइंगला पुढ्यात जेवायचं टेबल नाही! एअरबसवाल्यांचे लाड झालेत, हे मान्य.

मग होकार यावा म्हणून धडपडले कशाला, असं विचारशील. कारण एअरबस 320 एके 320 करून मी 65 व्या वर्षी निवृत्त होणार, हे आता डोळ्यांसमोर लख्ख दिसतं. पहाटे तीनचा रिपोर्ट, तीच नागपूरची धावपट्टी. एकदा तरी ग्रीनलंडवरून जायचंय गं. सचिन म्हणतो, थांब की, इंडिगोतही मोठी विमानं येणारच आहेत. खरंय. मँचेस्टर-ॲमस्टरडॅम भाड्याच्या बोइंग 787 वर 2025 च्या जुलैत सुरू झालंच, आणि एअरबसची मोठी ए350 तर 60 सांगून ठेवलीत. पण ती येणार कधी, आणि माझ्यापुढे रांगेत किती जण? थांबूनही यादी, जाऊनही यादी.

"मोठं नाव म्हणजे सुरक्षित," हे मात्र कुणी मला सांगू नये. किंगफिशर 2012 मध्ये बसली, जेट 2019 च्या एप्रिलमध्ये. दोन्हीकडे गरम जेवण होतं. गो फर्स्ट 2023 मध्ये बसली, ती स्वस्तातली होती. तिकिटाच्या दराचा आणि बुडण्याचा काही संबंध नाही. 2019 मध्ये दादरच्या त्या इराण्याकडे मी हेच म्हणत होते आणि तू चहा अर्धा टाकून उठून गेलीस. ते भांडण मी जिंकलं होतं, असं माझं अजूनही मत आहे.

आणि गंमत बघ. आज राजीनामा दिला तरी नियमाने कॅप्टनला वर्षभराची नोटीस. म्हणजे निर्णय मी घ्यायचा आणि तो निस्तरणार पुढच्या वर्षीची शुभा. तिला तोवर वेगळंच काही हवं असलं तर?

तू डावीकडून उजवीकडे गेलीस, परत आलीस, आणि मग दोन्ही सोडून गोंदियात पोरांना विमान चालवायला शिकवत बसलीस. तिसऱ्या पट्टीचा तो पहिला दिवस कसा गेला होता, हे तू कधी सांगितलंच नाहीस. मीही विचारलं नाही. आता विचारते.

बाकी तुझं? सासूबाईंचा गुडघा? पोरांची एकट्याने उडायची सोलो सुरू झाली का? घर घेतलंस म्हणे. मला बाळ्याकडून कळावं, हे बरं नाही. फोटो पाठव, स्वयंपाकघराचे आधी.

महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचंय. गुरुवारी घरी स्टँडबाय आहे, तेव्हा फोन कर. आणि "तुला योग्य वाटेल ते कर" असं म्हणणार असशील, तर करूच नकोस.

तुझी,
शुभा