आधी जाळी, मग चाकं

ता. मूर्तिजापूर, जि. अकोला

चि. राधास,
अनेक आशीर्वाद.

तुझा इंजिनाचा कागद मिळाला. आपल्या शकुंतला रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवर गॅरेट, म्हणजे एका बॉयलरखाली पुढे-मागे चाकांचे दोन संच असलेलं वाफेचं इंजिन चालवायचं, ही कल्पना मला आवडली. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं झेडडी वर्गाचं इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत राबलं. त्याच्या जागी तू काय ठेवशील हे बघायची मलाही उत्सुकता होती. चित्र देखणं आहे. आता वही घेऊन बस.

चाकं तू २-६-२+२-६-२ अशी मांडलीस: दर संचात पुढे दोन, मध्ये ओढणारी सहा, मागे दोन; म्हणजे ओढणारे अ‍ॅक्सल सहा. सिलिंडर चार, व्यास १४ इंच, दट्ट्याची धाव १८ इंच, चाक ३० इंच, वाफेचा दाब दर चौरस इंचाला २०० पौंड. ओढ काढायची तर दाबाचे ८५ टक्के घे, त्याला व्यासाच्या वर्गाने आणि धावेने गुण, चाकाच्या व्यासाने भाग. दोन सिलिंडरांच्या एका जोडीची ओढ १९,९९२ पौंड येते, दोन्ही जोड्यांची जवळपास ४०,०००. आकडा दांडगा आहे, पण चाक जागच्या जागी फिरू नये म्हणून ओढणाऱ्या चाकांवर ओढीच्या साधारण चौपट वजन लागतं. ते झालं १,६०,००० पौंड, म्हणजे ७२.६ टन. एका अ‍ॅक्सलवर १२ टन पडले, आणि कागदाच्या कोपऱ्यात तूच ८ टनांची मर्यादा लिहून ठेवली आहेस!

ती मर्यादा खोडून वाढवू नकोस. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. अशा मातीवरचा रूळ खचतो. वावरात रुतलेल्या बंडीला तिसरा बैल जुंपून काय होतं ते तू पाहिलं आहेस. ८ टनांप्रमाणे चाकांवर ४८ टन मिळतात. सिलिंडरचा व्यास साडेअकरा इंच कर, ओढ सुमारे २७,००० पौंड राहील आणि वजनाशी प्रमाण ३.९ येईल. एवढं पुरे.

खरी चूक बॉयलरची आहे. कागदावर इंजिन काढणारे बहुतेक जण चाकांपासून सुरुवात करतात, कारण चाकं काढायला मजा येते. अमेरिकेतल्या बाल्डविन कंपनीच्या जॉर्ज हेंडरसनने तेच केलं. तीन संच चाकांचं ‘ट्रिप्लेक्स’ १९१४ मध्ये ईरी रेल्वेसाठी खरोखर बांधलं गेलं. तिसरा संच टेंडरखाली, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याखाली होता. सहा सिलिंडरांना पुरेल एवढी वाफ बॉयलरला जमेना. त्यात निम्मी वापरलेली वाफ पुढच्या धुराड्यातून न जाता मागे टेंडरवरच्या नळीतून बाहेर पडायची, म्हणून आगीतून हवाही कमी खेचली जायची. शिवाय कोळसा-पाणी संपत जाईल तसं मागच्या चाकांवरचं वजन उतरायचं. माणूस धावत गाठेल अशा वेगापलीकडे ते टिकून चालत नसे. आणि इकडे चार आणि पाच संचांच्या इंजिनांचे आराखडे तयारच होते! ते कागदावरच राहिले, बरं झालं.

तुझ्या बॉयलरचा हिशेब असा. ताशी २४ किलोमीटरला पूर्ण ओढ मिळत नाही, ६० टक्के धर, म्हणजे १६,२०० पौंड. त्याची होते साधारण ६५० अश्वशक्ती. सुपरहीटर (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्या) असेल तर दर अश्वशक्तीला तासाला २० पौंड वाफ धर, एकूण १३,०००. आपल्याकडच्या राखाळ कोळशाच्या एका पौंडातून ६ पौंड वाफ निघाली तरी खूप, म्हणजे तासाला सुमारे २,१७० पौंड कोळसा. ज्या जाळीवर कोळसा जळतो ती तू १४ चौरस फुटांची काढलीस. दर चौरस फुटावर तासाला १५५ पौंड कोळसा पडेल. चुलीत पऱ्हाट्या कोंबल्या की नुसता धूर होतो. इथेही बारीक कोळसा न जळताच धुराड्यातून उडून जाईल. ८० पौंडांचा हिशेब धर आणि जाळी २७ चौरस फूट कर. गॅरेटमध्ये बॉयलर दोन्ही संचांच्या मध्ये टांगलेला असतो, त्याच्याखाली चाकं येत नाहीत, म्हणून फायरबॉक्स, म्हणजे आगीची पेटी, रुंद आणि खोल करता येतो. गॅरेट निवडायचं मोठं कारणच ते, आणि तू नेमका तोच निमुळता काढलास.

पाण्याचंही तसंच. १३,००० पौंड म्हणजे तासाला ५,९०० लिटर. तुझी टाकी ४,५०० लिटरची, पाऊण तासात कोरडी. ती मोठी करताना रिकाम्या टाकीचं वजन धरून पकड पुन्हा तपास, नाहीतर ट्रिप्लेक्सचाच रोग.

राखेचा कोळसा तापला की वितळून जाळीवर खंगर धरतो आणि हवा कोंडते. अर्जेंटिनाचा इंजिनियर पोर्टा याने त्यावर उपाय काढला: आगीचा थर जाड, बरीचशी हवा आगीच्या वरून आणि जाळीखालून थोडी वाफ. डेव्हिड वॉर्डेल या इंजिनियरने तो १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ‘रेड डेव्हिल’ या वाफेच्या इंजिनावर वापरला. बाकीच्या सुधारणांसह कोळसा सुमारे २८ टक्के वाचला, पण खंगराचा त्रास पुरता गेला नाही. तेव्हा राख झाडायला हलती जाळी काढच.

याच वॉर्डेलचं ५एटी हे इंजिन कधी बांधलं गेलं नाही; पैशाअभावी २०१२ मध्ये काम थांबलं. पण त्याने भागाभागाची गणितं करून ठेवली आहेत. अमेरिकेत १९५४ च्या सुमाराला लाइल बोर्स्टने अणुशक्तीच्या इंजिनाचा आराखडा केला होता, ७,००० अश्वशक्तीचा. त्यात किरणं अडवायच्या कवचाचंच वजन सुमारे २०० टन होतं. चित्र म्हणून छान आहे, पण तुला शिकायचं असेल तर ५एटीची गणितं वाच.

वळणं तपासायला पुठ्ठा काप. बॉयलर दोन्ही संचांवर ज्या खुंट्यांवर फिरतो, त्या दोन खुंट्यांमधलं अंतर ७ मीटर आणि वळणाची त्रिज्या १०० मीटर धरली, तर अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट: बॉयलरचा मध्य रुळाच्या मध्यापासून ६१ मिलिमीटर आत सरकतो. तेवढी जागा बाजूला सोड. वाफेच्या नळ्या खुंटीजवळूनच ने आणि तिथे गोल सांधे दे. सांधा खुंटीपासून जितका लांब, तितका जास्त हलतो आणि तितकी जास्त गळती.

पुढचा कागद १:२० मापाचा पाठव, आणि प्रत्येक अ‍ॅक्सलवरचं वजन दोनदा लिही, टाक्या भरलेल्या असताना आणि रिकाम्या असताना. आणि हो, या कागदावर वाळूचा डबा नाही, ब्रेकही कुठे दिसला नाही.

तुझी,
आई