मधमाशीचा डंख, मास्ट पेशी आणि मांडीतले इंजेक्शन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला अ‍ॅलर्जीवरचा लेख वाचला. ‘अ‍ॅलर्जी म्हणजे प्रतिकारशक्ती दुबळी असल्याची खूण’ असे त्यात म्हटले आहे आणि उपाय म्हणून काढ्यांची यादी दिली आहे. माझी सारी नोकरी मिरजेत वैद्यकीय विद्यार्थ्यांना ऊतिशास्त्र, म्हणजे शरीराच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायला, शिकवण्यात गेली. अशा समजुतीपायी माणूस जिवाला मुकू शकतो, म्हणून लिहिते आहे.

अ‍ॅलर्जीत प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, ती नको त्या गोष्टीवर तुटून पडते. त्यात सर्वांत पुढे असतात मास्ट पेशी. जर्मन वैद्यकीय संशोधक पॉल एर्लिश यांनी १८७८ साली लाइपझिग विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात त्यांचे वर्णन केले, तेव्हा ते अवघे २४ वर्षांचे होते. रंगद्रव्यांचा त्यांना नाद होता, आणि या पेशी आजही रंगानेच हाती लागतात. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर विद्यार्थ्यांना त्या सापडता सापडत नाहीत. पण कातडीचा पातळ छेद टोल्युइडीन ब्लूने रंगवला की बाकी सगळे निळे होते आणि मास्ट पेशींच्या पोटातले दाणे तेवढे लालसर जांभळे दिसतात. ती स्लाइड लावली की मागच्या बाकावरची मुलेही उठून सूक्ष्मदर्शकाशी येत. कातडी, श्वासनलिका, आतडे, म्हणजे जिथे जिथे बाहेरचे जग शरीराला भिडते तिथे, रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने या पेशी बसलेल्या असतात.

त्या दाण्यांत हिस्टॅमिन असते, हेपॅरिन असते, ट्रिप्टेजसारखी विकरे असतात. मधमाशी पहिल्यांदा डसते तेव्हा काही जणांच्या शरीरात तिच्या विषाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार होतात आणि मास्ट पेशींवर जाऊन बसतात. माणसाला याचा पत्ताही नसतो. पुढच्या डंखाला विष त्या प्रतिपिंडांना चिकटते आणि काही मिनिटांत पेशी आपले दाणे बाहेर टाकतात. रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतून पाणी झिरपते. हे कातडीपुरते राहिले तर गांधी उठतात. घशात झाले तर श्वास कोंडतो. अंगभर झाले तर रक्तदाब धाडकन कोसळतो.

पण एवढ्यावरून या पेशींना शत्रू ठरवू नये. १९९६ साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले की मास्ट पेशी नसलेले उंदीर पोटातल्या जिवाणूसंसर्गाला लवकर बळी पडतात. २००६ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवले की साप आणि मधमाशी यांच्या विषापुढेही असे उंदीर जास्त हतबल ठरतात, कारण मास्ट पेशींतली विकरे काही विषांचे तुकडे करून टाकतात. जंतांविरुद्धच्या लढाईतही त्या असतात. अशी मोलाची यंत्रणा एखाद्याच्या शरीरात बेभान होते, तेव्हा तिला आणखी ‘वाढवायचा’ सल्ला देणे मला भयंकर वाटते.

आता मुद्द्याचे. आमच्याकडे अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावतात. नुसत्या गांधींना तेवढ्याने थंडावा मिळत असेल तर खुशाल लावावे. पण तासगावकडच्या एका द्राक्षबागेत छाटणी करणाऱ्या बाईंच्या मानेला गांधीलमाशी डसली, तेव्हा मी तिथे होते. आधी तळहात खाजू लागले. मग ओठ सुजले, आवाज बसला, उलटी झाली, आणि ‘डोळ्यांपुढे अंधारी येतेय’ म्हणत त्या बांधावर बसल्या. मोटरसायकलवर मध्ये बसवून त्यांना नेले. पहिल्या दवाखान्यात लोकांच्या तोंडी असलेले ‘अ‍ॅव्हिल’ हे हिस्टॅमिनविरोधी औषध आणि एक स्टेरॉइड देऊन पुढे धाडले. दुसरीकडच्या तरुण डॉक्टरांनी त्यांना आडवे केले, पायांखाली उशी घेतली आणि मांडीत अ‍ॅड्रेनॅलिन दिले. थोड्याच वेळात नाडी हाताला लागू लागली.

हिस्टॅमिनविरोधी औषधाने खाज आणि गांधी कमी होतात. पण मास्ट पेशी हिस्टॅमिनखेरीज ल्युकोट्राइन, प्रोस्टाग्लँडिन अशी बरीच रसायने सोडतात, आणि कोसळलेला रक्तदाब ते औषध वर आणत नाही. स्टेरॉइडचा असर व्हायला काही तास जातात. अ‍ॅड्रेनॅलिन मात्र रक्तवाहिन्या आवळते, श्वासनलिका मोकळ्या करते आणि मास्ट पेशींना आणखी दाणे सोडण्यापासून आवरते. प्रौढाला १:१००० तीव्रतेचे अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. गरज पडली तर पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा. रोग्याला उभे करू नये, चालवू नये. आणि बरे वाटले म्हणून लगेच घरी पाठवू नये, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो.

कोविडची लस घेतल्यावर आपण सगळे अर्धा तास बसून राहिलो, ते याच धोक्यासाठी. लसीकरण सत्रात आरोग्यसेविकेजवळ अ‍ॅड्रेनॅलिनच्या कुप्या असलेला संच असतो, आणि रोग्याला पुढे पाठवण्याआधी स्नायूत एक मात्रा द्यायची मुभा तिला आहे. ही मुभा लसीकरणाच्या संदर्भातली आहे. डंखानंतर शरीरात घडते तेच, कुपीही तीच. मग गडाच्या पायथ्याच्या गावात आग्यामाश्या उठल्यावर तिने हात बांधून का बसावे? आरोग्य खात्याने डंखासाठीही तिला तशी स्पष्ट लेखी सूचना आणि सराव द्यावा, ही माझी मागणी आहे. खूप माश्या डसल्या असतील तर अ‍ॅलर्जी नसतानाही विषाने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, त्यामुळे अशा माणसाला रुग्णालयात न्यावेच लागते.

आपल्याला विनंती एवढीच की त्या लेखातले विधान पुढच्या पुरवणीत दुरुस्त करावे. आणि गडावर माश्यांचा हल्ला झाल्याची बातमी छापाल तेव्हा तिच्याखाली दोन ओळी द्याव्यात: काटा तत्काळ काढा, आणि श्वास लागला, आवाज बसला किंवा चक्कर आली तर आडवे झोपवून ताबडतोब अ‍ॅड्रेनॅलिन मिळेल तिथे न्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मिरज